कॉलेज फुटबॉल संघाचा परदेशी प्रदर्शनी दौरा: टांझानियासारख्या ठिकाणी सामना उभा कसा करतात?

सुटकेसवाला

आधीच सांगतो, हेल्मेटवाला फुटबॉल. नाहीतर तिसऱ्या प्रतिसादात मेस्सी येतो.

अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका लहान कॉलेजच्या संघाचं सामान सांभाळायचं काम माझ्याकडे आहे. डिव्हिजन ३ चा (कॉलेज खेळांच्या तीन विभागांतला शेवटचा) संघ, खेळासाठी शिष्यवृत्ती नाही, दौऱ्याचे पैसे मुलं आणि माजी विद्यार्थी मिळून उभे करणार. प्रशिक्षकांना ड्रेक विद्यापीठाचा कित्ता गिरवायचा आहे. ड्रेकचा संघ २१ मे २०११ रोजी टांझानियात अरुशाच्या शेख अमरी अबेद स्टेडियमवर मेक्सिकोच्या विद्यापीठांच्या निवडक संघाशी खेळला, १७–७ ने जिंकला, मग श्रमदान केलं आणि किलिमांजारोही चढला. ‘ग्लोबल किलिमांजारो बोल’ म्हणतात तो हाच.

बातम्यांत गोड गोड सगळं आहे, कामाचं काही नाही. मला हवंय ते असं: प्रतिस्पर्धी कसा मिळवायचा आणि नियम काय? सॉकरच्या मैदानावर आपलं मैदान बसतं का? ५५ खेळाडूंचं सामान विमानाने कसं न्यायचं? आणि १३० किलोचा लाइनमन (पुढच्या फळीतला धिप्पाड खेळाडू) सामना खेळून डोंगर चढणार असेल तर काय काय बिघडू शकतं? अनुभवी मंडळींनी आकड्यांत सांगावं.

---

नियमावली

पहिल्यांदा दोन गोष्टी वेगळ्या करा. परदेशात खेळलेला हंगामी सामना आणि परदेश दौरा. डब्लिनला १९८८ मध्ये बॉस्टन कॉलेज विरुद्ध आर्मी झाला, १९९६ मध्ये क्रोक पार्कवर नोत्र दाम विरुद्ध नेव्ही झाला, ते दोन्ही हंगामात धरलेले सामने. मिशिगनचा संघ २०१७ च्या एप्रिलमध्ये रोमला गेला तेव्हा तिथे फक्त सराव केला, सामना नव्हताच. तुमचा प्रकार तिसरा: हंगामाबाहेरचा, गुणतक्त्यात न मोजला जाणारा सामना. एनसीएए म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना, तिच्या नियमांच्या पुस्तकात त्याला स्वतंत्र प्रकरण आहे.

डिव्हिजन ३ ला एका खेळासाठी तीन वर्षांतून एकदा असा दौरा करता येतो, डिव्हिजन १ ला चार वर्षांतून एकदा. डिव्हिजन १ च्या पुस्तकाप्रमाणे दौऱ्यात फुटबॉलचे जास्तीत जास्त तीन सामने, निघण्याआधी दहा दिवसांपर्यंत सराव, आणि जाण्यायेण्याचा प्रवास सुट्टीच्या काळातच. तुमच्या विभागाचं पुस्तक वेगळं छापलेलं असतं, कलमं तिथून काढा आणि कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसकडून (नियम पाळले जातात का ते बघणारं) लेखी घ्या. दोन गटांबद्दल वेगळं विचारा: मे महिन्यात पदवी घेऊन बाहेर पडणारी मुलं आणि ऑगस्टमध्ये दाखल होणारी मुलं. तोंडी ‘हो’वर तिकिटं काढू नका, नाव बदलायला विमान कंपनी पैसे घेते किंवा बदलूनच देत नाही.

आता प्रतिस्पर्धी. दौऱ्यात दुसऱ्या अमेरिकन संघाशी खेळता येत नाही. अपवाद फक्त परदेशातल्या अमेरिकी लष्करी तळांवरच्या सैनिकांच्या संघांचा. ड्रेकसमोर मेक्सिकोचा संघ का होता त्याचं उत्तर इथे आहे. टांझानियात अकरा जणांचा हेल्मेटवाला फुटबॉल खेळणारी लीग नाही, अमेरिकेतून दुसरा संघ नेता येत नाही, म्हणून मेक्सिकोच्या खासगी विद्यापीठांच्या कोनादेइप या संघटनेतला निवडक संघ नेला. मेक्सिकोत हा खेळ विद्यापीठांत कित्येक पिढ्या मुरलेला आहे, तेव्हा सामना एकतर्फी होत नाही. १७–७ हा आकडा बघा.

याचा हिशेबात अर्थ असा की दोन संघांची तिकिटं, दोन संघांची हॉटेलं, दोन संघांचं सामान. ड्रेकचा सामना टेक्सासच्या ग्लोबल फुटबॉल या संस्थेने जुळवला होता, ती नोत्र दामचे माजी क्वार्टरबॅक पॅट्रिक स्टीनबर्ग यांची. एवढ्या दूर असा मध्यस्थ न घेता जाणं म्हणजे मैदान, पंच, अॅम्ब्युलन्स, परवाने हे सगळं चार हजार ईमेलांवर चालवणं.

खर्च निम्म्यावर आणायचा असेल तर ऑस्ट्रिया, इटली किंवा जर्मनी बघा. तिथल्या क्लबांचा हंगाम वसंतात सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो, म्हणजे मे अखेरीस ते ऐन भरात असतात. आंतरराष्ट्रीय महासंघाचे नियम एनसीएएच्याच नियमांवर बेतलेले आहेत. मैदान आखलेलं, पंच नेमलेले, दहा यार्ड मोजायची साखळी हजर. जपानही चांगला पर्याय आहे: प्रिन्स्टनचा संघ मार्च २०१५ मध्ये क्वानसेई गाकुइन विद्यापीठाशी तिथे जाऊन खेळला. पण तिथे किलिमांजारो नाही, हे मान्य.

करार कुठेही करा, त्यात हे लिहून घ्या: क्वार्टर १२ मिनिटांचं की १५, किकऑफ खरा की थेट २५ यार्डांवरून सुरुवात, बॉल कोणाचा, गडद जर्सी कोणाची, पंच कुठून येणार आणि त्यांचा खर्च कोणाचा, वीज कडाडली तर किती वेळ थांबायचं. शिवाय प्रतिस्पर्ध्याने किमान ३५ खेळाडू आणायचेच असं कलम घाला. २६–२८ जण आले की तेच लाइनमन दोन्ही बाजूंनी खेळतात आणि तिसऱ्या क्वार्टरपासून दुखापती सुरू होतात. समोरचा दमला म्हणून आपली मुलं सुरक्षित, असं नसतं. दमलेला माणूस टॅकल करताना डोकं खाली घालतो.

---

फक्कीवाला

मैदानाचं मी सांगतो. सॉकरच्या मैदानाची रुंदी बघून खुश होऊ नका, गोची लांबीत आहे.

आपलं मैदान एंड झोन (दोन्ही टोकांचे, टचडाउन होतो ते पट्टे) धरून १०९.७३ × ४८.७७ मीटर. सॉकरचं नेहमीचं १०५ × ६८. रुंदीत १९ मीटर शिल्लक, लांबीत पावणेपाच मीटर कमी. सॉकरच्या गोललाइनमागे दोन्हीकडे अडीच मीटर सपाट गवत असेल तर आखणी बसते. पण बसली म्हणजे झालं नाही, एंड लाइनच्या मागे पळणाऱ्याला थांबायला अजून तीन-चार मीटर मोकळे पाहिजेत. तिथे काय काय सापडतं सांगू? काँक्रीटची कड, पाण्याचा चर, जाहिरातीचे लोखंडी फलक, जाळीचे खांब. म्हणून तिथल्या मैदानवाल्याकडून दोन्ही टोकांचे फोटो मागवा, जमिनीवर टेप पसरून काढलेले. ‘जागा भरपूर आहे’ या उत्तरावर विश्वास ठेवायचा नाही.

जागा नसेल तर कापायचं ते एंड झोन. मधल्या शंभर यार्डांना हात लावायचा नाही, नाहीतर किक, पंट, सगळ्याचा हिशेब चुकतो. दोन्हीकडे दहाऐवजी सात यार्डांचा एंड झोन ठेवला की एकूण १०४.२४ मीटर होतात, १०५ मध्ये बसले. दोन्ही प्रशिक्षकांना आठवडाभर आधी कळवा. किकरला खास कळवा: एरवी फील्ड गोलचं (पोस्टमधून मारायच्या किकचं) अंतर म्हणजे स्क्रिमेज लाइन (डाव सुरू होतो ती रेघ) ते गोललाइन अधिक १७ यार्ड, इथे अधिक १४.

आखणी. तिथल्या माणसाकडे मीटरची टेप असणार, यार्डाची नाही. त्याला ‘दर पाच यार्डाला रेघ’ सांगितलं तर तो ४.५ मीटरने मारत जाईल आणि शंभर यार्डांत जवळपास दीड मीटर खाईल. छापील तक्ता द्या आणि सगळी मापं एकाच गोललाइनपासून घ्या, मागच्या रेघेपासून नाही: ४.५७, ९.१४, १३.७२, १८.२९, २२.८६ असं करत मध्यावर ४५.७२ आणि पलीकडच्या गोललाइनवर ९१.४४. एंड झोन पुढे ९.१४. कोपरा काटकोनात घ्यायला दोरीने ६-८-१० मीटरचा त्रिकोण. चारही कोपरे ठोकले की कर्ण मोजा, दोन्ही १२०.०८ मीटर आले पाहिजेत. पाच-सात सेंटिमीटरचा फरक चालतो, अर्ध्या मीटरचा नाही.

हॅश मार्क (बॉल ठेवायची हद्द दाखवणाऱ्या मधल्या छोट्या खुणांच्या दोन ओळी) कॉलेजचे पाहिजेत: साइडलाइनपासून १८.२९ मीटर आत, दोन ओळींमध्ये १२.१९. इंटरनेटवरून नकाशा उतरवणारा हमखास एनएफएलचा, म्हणजे व्यावसायिक लीगचा उतरवतो, त्यात ओळी खूप जवळ असतात.

साहित्य. सगळ्या मोठ्या रेघा मिळून साधारण १३४० मीटर होतात, दहा सेंटिमीटर रुंदीच्या. फक्की मारायची तर खडूची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची. विरवलेला चुना कदापि नाही. क्रिकेटच्या बाउंड्रीला कोणी मारत असेल, पण इथे माणूस दर वीस सेकंदाला त्या रेघेवर तोंडावर पडतो. घामाने ओल्या कातडीवर आणि डोळ्यांत चुना भाजतो. पाण्याचा रंग मिळाला तर सर्वात बरं. आणि सॉकरच्या जुन्या पांढऱ्या रेघांवर हिरवा रंग मारून घ्या. पेनल्टी बॉक्सची रेघ गोललाइनपासून साडेसोळा मीटरवर असते, पळता पळता पंच तिला यार्डलाइन समजतात.

गोलपोस्ट. सॉकरचा गोल ७.३२ मीटर रुंद, २.४४ उंच. आपल्याला आतून ५.६४ रुंद आणि आडवा बार ३.०५ वर. म्हणजे सॉकरचा काढायचाच. तो काँक्रीटमध्ये गाडलेला आहे की खोबणीत उभा, हे आधी विचारा, आदल्या दिवशी करवत शोधू नका. रग्बीचा पोस्ट मात्र ५.६ रुंद, बार ३ मीटरवर, म्हणजे आपलाच म्हणायचा. फक्त रग्बीत तो गोललाइनवर उभा असतो आणि आपल्याला तो मागे एंड लाइनवर लागतो, म्हणून उचलून आणता येणारा हवा. काहीच नसेल तर स्थानिक वेल्डरकडून पाइपाचा H करून घ्या, पाय खोबणीत रोवा, वर दोऱ्या नकोत. सहा फुटांपर्यंत फोम गुंडाळून वरून ताडपत्री. हेही जमत नसेल तर सरळ किक रद्द करा, टचडाउननंतर दोन गुणांचाच प्रयत्न. डुगडुगत्या पोस्टखाली खेळण्यापेक्षा ते बरं.

---

चौथाडाऊन

नियमावली यांच्या प्रतिसादात थोडी इतिहासाची भर. दोन अमेरिकन कॉलेजांनी एकत्र दौऱ्यावर जायचं, हे पूर्वी झालेलं आहे. १९७६ च्या उन्हाळ्यात टेक्सास ए अँड आय आणि आर्कान्सासचं हेंडरसन स्टेट हे संघ युरोपात पाच प्रदर्शनी सामने खेळले: पश्चिम बर्लिन, व्हिएन्ना, न्यूरेंबर्ग, मानहाइम आणि पॅरिस. पाचही टेक्सास ए अँड आयने जिंकले. हे दोन्ही संघ एनसीएएचे नव्हते, एनएआयए या लहान कॉलेजांच्या वेगळ्या संघटनेचे होते. टेक्सास ए अँड आय तर तेव्हा त्या संघटनेचं विजेतं होतं. प्रतिस्पर्धी आपल्याच विमानात, त्यामुळे निम्मी डोकेदुखी संपली. पण तेच दोन संघ पाच वेळा समोरासमोर म्हणजे तिसऱ्या सामन्यापर्यंत एकमेकांचे सगळे डाव पाठ. त्याच वर्षी ग्रॅम्बलिंग आणि मॉर्गन स्टेट टोकियोला खेळले, ४२–१६, पण तो हंगामातला सामना.

तारखेबद्दल कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. पूर्व आफ्रिकेचा मोठा पाऊस, मसिका, मार्च ते मे. मे संपता संपता तो ओसरतो, पण मैदान तोवर ओलं असू शकतं आणि डोंगरावरच्या वाटा चिखलाच्या. कॉलेज मेच्या मध्याला संपतं म्हणून सगळे लगेच निघायला बघतात. दोन आठवडे थांबून जून धरला तर मैदान आणि डोंगर दोन्ही सुधारतात. तिकीट महागतं, कारण जूनमध्ये पर्यटक येतात. मी तरी जूनच घेईन. मे घेतलात तर लांब स्टडची दुसरी जोडी प्रत्येकाकडे हवी.

---

पट्टीबंधन

वैद्यकीय बाजू. औषधांचे निर्णय संघाच्या डॉक्टरांचे, मी फक्त कुठे अडतं ते लिहितो.

क्रम. सामना आधी, मग दोन-तीन दिवस श्रमदान, मग डोंगर. उलट केलं तर पाय संपलेले, वजन उतरलेलं आणि झोप बिघडलेली मुलं टॅकल करायला उतरतील. पोचल्यावर सामना किमान चौथ्या दिवशी ठेवा. अमेरिकेच्या मध्यभागापासून अरुशा उन्हाळी वेळेप्रमाणे आठ तास पुढे आहे आणि पूर्वेकडचा जेटलॅग पश्चिमेकडच्यापेक्षा जास्त छळतो. पहिल्या दिवशी पॅडशिवाय अर्धा तास हलकं पळणं, तिसऱ्या दिवशी पूर्ण सराव. अरुशा साधारण १४०० मीटरवर आहे. तेवढ्या उंचीने कोणी आजारी पडत नाही, पण आयोवा-इलिनॉयच्या सपाटीवरचा लाइनमन पहिल्या दोन सरावांत धापा टाकतो.

कन्कशन. या दौऱ्यातला सगळ्यात मोठा सापळा हाच. डोक्याला मार बसल्याची लक्षणं: डोकेदुखी, मळमळ, चक्कर, झोप न लागणं. उंचीच्या आजाराचीही लक्षणं अगदी हीच. ४००० मीटरवर मुलगा ‘डोकं दुखतंय’ म्हणाला तर कारण कोणतं हे तंबूत बसून कोणालाही सांगता येत नाही. म्हणून नियम आधीच जाहीर करा: सामन्यात कन्कशनचा नुसता संशय आला तरी तो खेळाडू डोंगरावर जाणार नाही. निघण्याआधी प्रत्येकाची बेसलाइन चाचणी (मार बसण्याआधीची, नंतर तुलना करायला) हवी आणि तिचे निकाल छापून बरोबर हवेत, कॉलेजच्या सर्व्हरवर नकोत. हा नियम सामन्यानंतर सांगितला तर मुलं लक्षणं लपवतात, कारण डोंगराचे पैसे त्यांनी भरलेले असतात. खाली राहणाऱ्यांसाठी वेगळा कार्यक्रम आणि एक प्रशिक्षक आधीच ठरवून ठेवा.

डायमॉक्स. उंचीसाठी सगळे अॅसिटाझोलामाइड घेतात. ते मूत्रल औषध आहे आणि मूत्रल औषधांचा वर्ग एनसीएएच्या बंदी यादीत आहे. डॉक्टरांची चिठ्ठी आणि वैद्यकीय कारणाची नोंद फाइलमध्ये निघण्याआधी असली पाहिजे. किलिमांजारोच्या पायथ्याच्या मोशी शहरातल्या औषधदुकानातून मुलांनी परस्पर गोळ्या घेतल्या तर कागद नसतो.

मलेरिया. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल जायच्या एक-दोन दिवस आधी सुरू होतं आणि परतल्यावर सात दिवस घ्यावं लागतं. डॉक्सीसायक्लिन स्वस्त, पण परतल्यावर चार आठवडे, आणि उन्हाने कातडी भाजते. दिवसभर मैदानात उभ्या मुलांना ते त्रासाचं. मेफ्लोक्विनने चक्कर आणि विचित्र स्वप्नं येऊ शकतात, म्हणजे पुन्हा कन्कशनशी गोंधळ. परतल्यावरच्या गोळ्या मुलं विसरतात. संघाच्या ग्रुपवर रोज आठवण टाकायला एकाला नेमा. पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला अमेरिकेहून थेट आल्यास मागत नाहीत, पण नैरोबीसारख्या ठिकाणी बारा तासांपेक्षा जास्त थांबा पडला तर मागतात. स्वस्त तिकिटात नेमका तोच लांब थांबा असतो.

सिकल सेल ट्रेट, म्हणजे सिकल सेल या रक्तविकाराचं जनुक अंगात असणं. डिव्हिजन १ मध्ये २०१० पासून खेळाडूची ही स्थिती नोंदवणं बंधनकारक झालं, पुढे इतर विभागांतही आलं. म्हणजे तुमच्याकडे यादी असेल. ट्रेट असलेला खेळाडू मैदानात काळजी घेऊन खेळू शकतो, पण ५८९५ मीटर उंचीवर कमी ऑक्सिजन आणि जोरकस श्रम एकत्र आले की प्लीहेला इजा होण्याचा धोका वेगळाच. त्याला रक्तविकारतज्ज्ञाने लेखी हो म्हटल्याशिवाय चढवू नका.

सामन्याचा दिवस. तिथल्या अॅम्ब्युलन्सच्या लोकांनी हे हेल्मेट-पॅड कधी पाहिलेलं नसतं. मानेची शंका असताना हेल्मेट ओढून काढणं ही त्यांची पहिली, साहजिक हालचाल असेल. आदल्या दिवशी अर्धा तास तालीम घ्या: हेल्मेट तसंच ठेवून स्क्रूड्रायव्हरने फेसमास्क कसा सोडवायचा, १३० किलोचा माणूस किती जणांनी बोर्डवर घ्यायचा. आठ जण लागतात. बोर्ड रुंद असलेला तुमचाच न्या. सीटी स्कॅन कुठे आहे, शनिवारी चालू आहे का, हे फोन करून विचारा. मोशीचं केसीएमसी हे मोठं रुग्णालय अरुशापासून सुमारे ८० किलोमीटर.

बर्फ नळाच्या पाण्याचा असेल तर तो फक्त दुखऱ्या गुडघ्यावर. पिण्याच्या कूलरमध्ये तो टाकला की दुसऱ्या दिवशी अर्धा संघ संडासात. बर्फाच्या दोन पेट्या, दोन रंगांच्या.

विमा घेताना तीन प्रश्न वेगवेगळे विचारा: शारीरिक टक्कर होणारा संघटित खेळ धरलाय का, उंचीची मर्यादा किती, आणि विमानाने हलवण्याचा खर्च आहे का. ट्रेकिंगच्या विम्यात पहिला नसतो, खेळाच्या विम्यात दुसरा नसतो. दोन पॉलिसी लागतात, हे धरून चाला.

---

सुटकेसवाला

डायमॉक्सचं कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं, आजच डॉक्टरांना कळवतो. मैदानाचा तक्ता छापतोय.

सामानाबद्दल अजून कोणी लिहिलं नाही. प्रत्येकाला २३ किलोची एक बॅग आणि एक हातातली. त्यातच डोंगराचे कपडे. शिवाय प्रशिक्षकांना हेडसेट आणि एंड झोनचा कॅमेरा न्यायचाय. आणि मोठ्या मापाच्या बुटांचं काय करायचं?

---

खिळेमोळे

हेल्मेट साधारण दोन किलो, शोल्डर पॅड अडीच ते तीन, बाकी पँट-पॅड-जर्सी-स्टडचे बूट धरून माणशी ९–१० किलो. लाइनमनचं जास्त. म्हणजे २३ मधले तेरा उरतात, त्यात डोंगर बसवायचा. बसतो, जर जीन्स आणि तीन जोड बूट घरी ठेवले तर.

हातातल्या बॅगेत: हेल्मेट, माउथगार्ड, एक जोड स्टडचे बूट, डोंगराचे बूट पायात. कारण सोपं आहे. जर्सी हरवली तर टीशर्टवर नंबर चिकटवून खेळता येतं. पॅड हरवले तर दुसऱ्याचे बसतात. हेल्मेट आणि १६ नंबरचे बूट अरुशात कोणाकडे नाहीत. डोंगराचे बूट तिथे भाड्याने मिळतात, पण तुमच्या लाइनमनच्या मापाचे नाही, आणि नवे कोरे बूट घालून चढलं की दुसऱ्या दिवशी फोड. मार्चपासून वापरायला लावा. स्लीपिंग बॅगही लांब-रुंद हवी, भाड्याची खांद्याला अडकते.

सामूहिक सामान एका जागी भरू नका. सगळे सुटे भाग एका पेटीत आणि ती पेटी वाटेत राहिली, हा नेहमीचा घोळ. तीन पेट्या करा, तिन्हींत थोडं थोडं सगळं: हनुवटीचे पट्टे, फेसमास्कच्या क्लिपा, स्क्रू, टी-नट, जॉ पॅड. जादा हेल्मेटं चार, त्यातली तीन मोठ्या मापाची. स्क्रूड्रायव्हर चेक-इनमध्ये, त्याच्या जादा लिथियम बॅटऱ्या हातात. उलटं केलंत तर दोन्ही जप्त.

हवा भरायची हेल्मेटं असतील तर उतरल्यावर प्रत्येकाची फिटिंग पुन्हा तपासा. समुद्रसपाटीच्या जवळ भरलेली हवा १४०० मीटरवर वेगळा दाब दाखवते, आणि थंड-गरम हवेनेही फरक पडतो. पंप आणि सुया तिन्ही पेट्यांत. बॉल डझनभर न्या, हवा काढून, जागा वाचते. सामन्याच्या सकाळी तिथेच १२.५ ते १३.५ पीएसआय भरा.

टेपचा हिशेब: निम्म्या संघाचे दोन्ही घोटे, चार सराव आणि एक सामना, घोट्याला एक रोळ. २७ × २ × ५ म्हणजे २७० रोळ. पेटीत ३२ येतात, म्हणून नऊ पेट्या. टेपखालचा चिकट स्प्रे आणि थंड करणारा स्प्रे ज्वलनशील असतात, विमानात घेत नाहीत. पुसायचे चिकट रुमाल न्या. ऑक्सिजनचा सिलिंडर तर विसराच, डोंगरावरचा तिथला आयोजक देतो.

हेडसेट नेऊ नका, हे माझं ठाम मत. तिथल्या रेडिओ लहरींचा परवाना, २३० व्होल्ट, तीन चौकोनी पिनांचं सॉकेट, चार्जर जळाला की दोन पेट्या वजन फुकट. डाव मनगटपट्टीवर छापा, हाताने इशारे करा. कॅमेऱ्याचा उंच खांबही नको, स्टँडच्या वरच्या ओळीतून तिपाईवर चित्रण पुरतं. त्याऐवजी साखळी, डाउन (कितवा प्रयत्न ते) दाखवणारी काठी आणि कोपऱ्यांच्या खुणेचे बारा पायलॉन (फोमचे उभे ठोकळे) न्या. हे तिथे मिळत नाही आणि त्याशिवाय सामनाच होत नाही.

आणि डोंगरावर हमालाने वाहायच्या बॅगांना वजनाची मर्यादा असते. हमालाला साधारण २० किलोपेक्षा जास्त वाहायला देत नाहीत. लाइनमनची डफल बॅग १५ किलोपेक्षा जड असेल तर ती तिथेच उघडून कमी करायला लावतात.

---

बालेवाडी_फाटा

एवढा खटाटोप टांझानियात? पुण्यात आणा की. एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडियात पुणे मराठाज आणि मुंबई ग्लॅडिएटर्स होते, ते अजून खेळत असतील तर प्रतिस्पर्धी तयार. बालेवाडीला मैदान पण आहे, फक्त भोवती धावपट्टी आहे. बसेल का?

---

फक्कीवाला

बसेल. ४०० मीटरच्या नेहमीच्या धावपट्टीत सरळ भाग ८४.३९ मीटर आणि वळणाची त्रिज्या ३६.५. आपल्या मैदानाचा कोपरा वळणाच्या केंद्रापासून साडेसत्तावीस मीटरवर येतो, म्हणजे धावपट्टीच्या कडेपर्यंत नऊ मीटर उरतात. सॉकरचं १०५ × ६८ तिथे जेमतेम एक मीटर राखून बसतं, आपलं अरुंद असल्याने सुखात बसतं. अडचण वेगळी. गोळाफेक-थाळीफेकीची काँक्रीटची वर्तुळं आणि कधी कधी उड्यांचे खड्डेही वळणाच्या आतच असतात, नेमके एंड झोनमागे. त्यांवर रबरी मॅट टाकून वर गवताचा गालिचा.

पण मेमध्ये पुण्याच्या उन्हात पॅड घालून? संध्याकाळी सातनंतर, दिव्यांखाली. आणि जूनला आपला पाऊस. जानेवारीत आणा त्यांना.

---

सुटकेसवाला

शेवटचं एक. मुलांना वाटतंय की जुनी हेल्मेटं आणि पॅड तिथल्या शाळांना देऊन यावेत, परतीचं वजनही कमी होईल. द्यावेत का?

---

खिळेमोळे

हेल्मेटं नाही. त्यांची ठरावीक काळाने तपासणी आणि दुरुस्ती करून पुन्हा प्रमाणपत्र घ्यावं लागतं, ती सोय तिथे नाही. शिकवणारा नसताना मुलं ती घालून एकमेकांवर डोकं आपटणार, आणि आतलं नाव तुमच्या कॉलेजचं.

द्यायचं तर फ्लॅग फुटबॉलचे पट्टे, बॉल आणि शंकू द्या. त्याला फक्त मोकळी जागा लागते, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हाच प्रकार आहे. दोन संच म्हणजे दहा खेळाडूंचे पट्टे, सोबत सहा बॉल आणि नियमांचं एक पान.

कस्टमची यादी करताना दोन भाग करा. पहिल्या भागात परत न्यायचं सामान: वस्तू, नग, अंदाजे किंमत, आत येताना शिक्का, बाहेर जाताना तोच शिक्का. दुसऱ्या भागात देऊन यायचं सामान, घेणाऱ्या शाळेचं पत्र जोडून. हे दोन भाग एकत्र केले की निघताना नग कमी भरतात. मग सीमाशुल्कवाले ते विकले असं धरून कर मागतात, आणि तेव्हा विमान सुटायला दीड तास उरलेला असतो. यादीच्या चार प्रती, चार वेगळ्या माणसांकडे. त्यातला एक शेवटच्या बसने येणारा असू द्या.